पोटगीचा अर्ज कधी, कुठे आणि कोणत्या कागदांनिशी करावा: बेळगाव सीमाभागातील मराठी कुटुंबांसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडी या तालुक्यांतून किंवा बेळगाव शहरातल्या शहापूर-वडगावातून सासर सोडून माहेरी आलेली मुलगी पोटगीचा विचार सहसा फार उशिरा करते. आधी नातेवाइकांची बैठक होते, मग दोन्हीकडची चार जाणती माणसे बसतात, ‘दिवाळी झाली की न्यायला येतो’ असा शब्द दिला जातो. ती दिवाळी जाते, पाडवा जातो, मुलाला माहेरच्या गावातल्या शाळेत घालावे लागते, आणि वर्ष-दीड वर्षाने कोणीतरी सांगितले म्हणून ती कोर्टाची पायरी चढते. कायदेविषयक मदतीच्या कामात मी अशा अनेक जणींसोबत बसले आहे, आणि प्रत्येक वेळी पहिली हळहळ वाटते ती त्या गेलेल्या महिन्यांची, कारण ते महिने बहुधा परत मिळत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात असे ठरवून दिले की पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यावी. त्यापूर्वी निरनिराळ्या कोर्टांत एकवाक्यता नव्हती. कोठे हुकमाच्या तारखेपासून पोटगी मिळे, तर कोठे अर्जाच्या. आता निकालाला दोन वर्षे लागली तरी मधल्या दोन वर्षांची रक्कम हिशेबात येते, परंतु अर्जाच्या आधीचा काळ हिशेबाबाहेर राहतो. समजा महिना ६,००० रुपये पोटगी ठरणार आहे आणि अर्ज चौदा महिने उशिरा केला, तर ८४,००० रुपये नुसते वाट पाहण्यात गेले.

या उशिरामागे बहुतेक वेळा एकच समजूत असते की पोटगी मागितली म्हणजे संसार मोडला. प्रत्यक्षात पोटगीचा अर्ज हा घटस्फोटाचा अर्ज नसतो. लग्न कायम असताना, नांदायला जाण्याची इच्छा मनात असताना आणि बैठका चालू असतानाही तो करता येतो. पुढे दोघे एकत्र आले तर अर्ज मागे घेता येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना मी हेच सांगते की समेटाचे प्रयत्न जरूर करा, पण ते अर्ज दाखल करून करा.

कोणता कायदा कोणासाठी

आपल्याकडे वकील आणि पक्षकार दोघेही अजून ‘एकशे पंचवीसची केस’ म्हणतात. ते कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. धर्म कोणताही असो, स्वतःचा निर्वाह करू न शकणारी पत्नी, मुले आणि आईवडील या कलमाखाली अर्ज करू शकतात. घटस्फोट झालेली परंतु पुन्हा लग्न न केलेली स्त्रीही यात ‘पत्नी’ धरली जाते. मुख्य निकालाआधी अंतरिम पोटगी मागता येते, आणि समोरच्याला नोटीस लागू झाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्या अर्जाचा निर्णय व्हावा असे कायद्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात हे साठ दिवस अनेकदा लांबतात, तरीही वकिलाला या मुदतीची आठवण करून दिलीच पाहिजे.

घटस्फोटाचा किंवा नांदवण्याचा दावा आधीच चालू असेल तर हिंदू विवाह कायदा, १९५५ उपयोगी पडतो. तो हिंदूंबरोबर लिंगायत, जैन, बौद्ध आणि शीख यांनाही लागू आहे. त्याच्या कलम २४ खाली दावा चालू असेपर्यंतची पोटगी आणि कोर्टखर्च मिळतो, तर कलम २५ खाली कायमची पोटगी ठरते. या दोन्ही कलमांखाली पतीलाही मागणी करता येते. उत्पन्न नसलेल्या आजारी नवऱ्याचा असा अर्ज आला तर त्याला हसून उडवून लावू नये. लग्न मोडायचे नाही, पण क्रूरता किंवा टाकून देणे अशा कारणाने वेगळे राहावे लागत असेल, तर हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम १८ खाली दिवाणी दावा करता येतो. याच कायद्याच्या कलम २० खाली स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा हक्क ती सज्ञान झाल्यावरही लग्न होईपर्यंत टिकतो. घरात वयात आलेली मुलगी असेल तर हे कलम विसरू नये.

मारहाण, उपासमार, घराबाहेर काढणे असे घडले असेल तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ चा आधार घ्यावा. त्याच्या कलम २० खाली दरमहा रक्कम मिळते आणि कलम १९ खाली राहत्या घराबाबत हुकूम मिळतो. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुनेला तिथे राहण्याचा हक्कच नाही, हे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अमान्य केले आहे. मुस्लिम घटस्फोटित स्त्रीला १९८६ च्या वेगळ्या कायद्याबरोबरच पूर्वीच्या कलम १२५ चा मार्गही खुला असल्याचे जुलै २०२४ च्या निकालात स्पष्ट झाले. ख्रिस्ती दांपत्यांसाठी १८६९ चा घटस्फोट कायदा आणि नोंदणी विवाह केलेल्यांसाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोन्हींत पोटगीची कलमे ३६ आणि ३७ हीच आहेत.

एकाहून अधिक कायद्यांखाली अर्ज केले तर चालतात, पण आधीच्या अर्जाची आणि मिळालेल्या रकमेची माहिती पुढच्या अर्जात द्यावी लागते. पहिली रक्कम दुसरीत वळती होते. हे लपवले तर समोरच्या वकिलाच्या हाती आयते कोलीत मिळते.

सीमेच्या कोणत्या बाजूला अर्ज करायचा

आपल्या भागात हा प्रश्न बाकी कशाहूनही मोठा आहे. मुलगी बेळगावची आणि दिली चंदगडला, मुलगी गडहिंग्लजची आणि दिली निपाणीला, किंवा दोघे इथले पण नोकरी गोव्यात, अशी लग्ने घरोघरी आहेत. शिनोळीची वेस ओलांडायला दोन मिनिटे लागतात, पण कोर्टाच्या कागदांना तीच वेस फार जड जाते.

कलम १४४ चा अर्ज कुठे करायचा ते कलम १४५ मध्ये दिले आहे. नवरा जिथे असेल, तो किंवा पत्नी जिथे राहत असेल, किंवा दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले, त्यांपैकी कोणत्याही जिल्ह्यात तो करता येतो. म्हणजे नवरा कोल्हापुरात असला तरी माहेरी खानापुरात राहणारी पत्नी तिच्या हद्दीतल्या कोर्टात अर्ज करू शकते. बेळगावात कौटुंबिक न्यायालय आहे. त्याच्या हद्दीबाहेरच्या ठिकाणी तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज जातो. पत्नीला घटस्फोटाचा दावाही स्वतः राहत असलेल्या ठिकाणी दाखल करता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये २००३ साली ही सोय केली गेली.

अडचण येते ती नवऱ्याने आधी दावा केला तर. त्याने कोल्हापुरात घटस्फोट मागितला आणि पत्नीला तो खटला बेळगावात आणायचा असेल, तर तो हुकूम कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ देऊ शकत नाही, मुंबई उच्च न्यायालयही देऊ शकत नाही. खटला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा आहे, आणि त्यासाठी दिल्लीला अर्ज करावा लागतो. हाच नवरा हुबळीत असता तर काम धारवाडला झाले असते. म्हणून सीमेपलीकडे दिलेल्या मुलीच्या घरच्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तिकडून दाव्याची नोटीस आली तर ती घाबरून नाकारू नये. नोटीस नाकारली तर ती लागू झाली असे धरून दावा एकतर्फी चालू शकतो. ती घ्यावी, तिच्यावरची तारीख लिहून ठेवावी, आणि लगेच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. पोटगीचा स्वतंत्र अर्ज आपल्याच कोर्टात करता येतो, आणि तिकडचा दावा त्याच्या आड येत नाही. तिकडच्या कोर्टात कलम २४ खाली प्रवासखर्च आणि वकिलाची फी मागता येते. दिल्लीतला अर्ज करायचाच असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडून त्यासाठी मोफत वकील मिळतो.

गोव्याची बाब निराळी आहे. लग्न गोव्याच्या नागरी संहितेच्या कक्षेत येत असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. अशा वेळी पोटगीपेक्षा मालमत्तेतला निम्मा वाटा मोठा ठरू शकतो. बेळगावच्या वकिलाने पोटगीचा अर्ज लिहिण्यापूर्वी गोव्यातल्या वकिलाचा सल्ला घेणे अशा प्रकरणात आवश्यकच आहे.

कन्नड कागद आणि मराठी सही

खालच्या कोर्टांतले अर्ज, शपथपत्रे आणि हुकूम कन्नड किंवा इंग्रजीत असतात. मराठी लग्नपत्रिका, कोल्हापूरकडच्या शाळेचा दाखला, पलीकडच्या दवाखान्याचे मराठी कागद दाखल करायचे तर सोबत भाषांतर जोडावे लागते. आपल्या मुली कन्नड बोलतात, बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात त्यांचे कन्नडवाचून अडत नाही, पण मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी जणींना ते वाचता येत नाही. नेमके इथेच नुकसान होते.

एका प्रकरणात मी हे जवळून पाहिले. खानापूर तालुक्यातल्या एका मुलीने अर्ज लिहिणाऱ्याला सांगितले होते की लग्नसराईत ब्लाउज शिवून तिला ६,००० रुपये मिळतात. ते संपूर्ण हंगामाचे उत्पन्न होते. कागदावर मात्र त्या आकड्यापुढे ‘प्रति तिंगळु’ असे पडले, म्हणजे दरमहा. तिने खाली मराठीत सही केली. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने तेच शपथपत्र पुढे ठेवले आणि तिची बाजू एका शब्दाने कमजोर झाली. दुरुस्तीचा अर्ज करून ते सुधारून घेण्यात पुढच्या कितीतरी तारखा गेल्या. त्या मुलीने खोटे काहीच सांगितले नव्हते. लिहिणाऱ्याने तरी मुद्दाम केले असे मला वाटत नाही. फक्त सही करण्यापूर्वी कोणी तिला तो कागद वाचून दाखवला नव्हता.

म्हणून थोडे कन्नड शब्द डोळ्याखालून घालावेत. कागदावर पोटगीला ‘जीवनांश’ म्हणतात आणि अंतरिम पोटगीला ‘मध्यंतर जीवनांश’. अर्ज करणारी ती ‘अर्जिदार’, समोरचा तो ‘एदुरुदार’. ‘आदाय’ म्हणजे उत्पन्न, ‘तिंगळु’ म्हणजे महिना, ‘विच्छेदन’ म्हणजे घटस्फोट. आकडा दिसला की तो महिन्याचा आहे की वर्षाचा हे विचारावे, आणि प्रत्येक पान मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नये. वकील घाईत असला तरी हे मागणे रास्त आहे. साक्ष देताना कन्नडमध्ये नीट सांगता येणार नसेल तर तसे न्यायाधीशांना सुरुवातीलाच सांगावे. अर्धवट कळलेल्या प्रश्नाला ‘हौदु’, म्हणजे ‘होय’, म्हणून मोकळे होणे फार महाग पडते.

वकिलाच्या फीची धास्ती बाळगू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्ह्याच्या ठिकाणी आणि तालुका समित्या तालुक्याच्या कोर्टांत असतात. पाटीवर ‘कानूनु सेवेगळ प्राधिकार’ असे लिहिलेले असते. १५१०० या क्रमांकावर विधी सेवेची आणि १८१ वर महिलांसाठीची मदत मिळते.

उत्पन्न सिद्ध करणारे कागद

रजनेश विरुद्ध नेहा या निकालामुळे आता दोन्ही पक्षांना आपल्या उत्पन्नाचे, मालमत्तेचे आणि देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते. त्याचे नमुने निकालालाच जोडलेले आहेत आणि शेतकरी कुटुंबांसाठी वेगळा नमुना आहे, ही आपल्या भागासाठी फार मोलाची गोष्ट आहे. नवरा नोकरदार नसून ऊस, दूध आणि थोडी भाडोत्री ट्रॅक्टरकी यांवर जगत असेल, तर वकिलाकडे शेतीचा नमुना भरून घेण्याचा आग्रह धरावा. खोटे शपथपत्र दिल्याचे उघड झाले तर त्याबद्दल फौजदारी कारवाई होऊ शकते.

नवरा शपथपत्रात काय लिहील ते साधारण ठरलेले असते: जमीन वडिलांच्या नावावर, पीक बुडाले, आपण मजुरी करतो. त्याला उत्तर कागदाने द्यावे लागते. जमीन कर्नाटकात असेल तर पहणी, जिला आपण उताराच म्हणतो, ‘भूमी’च्या संकेतस्थळावर पाहता येते किंवा नाडकचेरीतून काढता येते. जमीन पलीकडे असेल तर सातबारा आणि आठ-अ काढावा. अनेक कुटुंबांची शेती दोन्ही राज्यांत असते आणि शपथपत्रात एकाच राज्याची दाखवली जाते. म्हणून दोन्हीकडचे उतारे काढण्याचा खर्च टाळू नये. उताऱ्यावर पीक कोणते लावले ते असते, खातेदार किती ते असते, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा किती तेही असते. ज्याला तीन लाखांचे पीककर्ज मिळाले त्याला जमीन नाही, हे म्हणणे टिकत नाही. उसाचे बिल कोणत्या खात्यात जमा होते, दूध संस्थेत कोणाच्या नावाने दूध जाते, गाडी कोणाच्या नावावर आहे, एवढे सुनेला सहसा ठाऊक असते. ते आठवेल तसे वहीत लिहून ठेवावे. बँक पासबुक किंवा पगारपत्रक आपल्याला मिळत नसेल तर ते कोर्टामार्फत मागवता येते, पण त्यासाठी बँकेचे, शाखेचे किंवा मालकाचे नाव सांगता आले पाहिजे.

नोकरदाराचे सोपे असते. पलटणीतला असेल तर त्याहून थोडे निराळे: मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने सैनिकांची कुटुंबे इथे पुष्कळ आहेत, आणि सैन्य कायदा, १९५० च्या कलम ९० व ९१ खाली जवानाच्या किंवा अधिकाऱ्याच्या पगारातून पत्नी व मुलांसाठी रक्कम कापण्याची तरतूद आहे. त्यासाठी त्याच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे लेखी अर्ज करता येतो.

स्वतःच्या बाजूचे कागदही हवेत. लग्नाचा पुरावा, आधार व रेशन कार्ड, मुलांच्या फीच्या पावत्या, औषधांची बिले, घरभाडे देत असल्यास त्याचा पुरावा. स्वतःचे बँक खाते लपवू नये. गृहलक्ष्मीचे महिना २,००० रुपये येत असतील तर तेही लिहावेत; ती सरकारी योजनेची मदत आहे, तिच्यामुळे नवऱ्याची जबाबदारी संपत नाही. माहेराहून घातलेल्या दागिन्यांची यादी वजनासह वेगळी करावी आणि लग्नातले फोटो जोडावेत. ते स्त्रीधन आहे; ते परत मागायचे असते, पोटगीत जमेस धरायचे नसते.

रक्कम कशी ठरते

कायद्यात ठराविक टक्केवारी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका खटल्यात पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली होती, आणि तेव्हापासून ‘चौथा हिस्सा मिळतो’ असे बोलले जाते. तो अंदाज धरून बसावा, हक्क म्हणून सांगू नये. दोघांचे राहणीमान, शिक्षण, वय, मुलांचा खर्च, लग्न किती वर्षे टिकले, नवऱ्यावर कोण कोण अवलंबून आहे, हे सगळे पाहिले जाते.

उदाहरणादाखल उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारा कोणी धरू. भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर जाऊन त्याच्या हाती महिना २४,००० रुपये पडतात. चौथा हिस्सा ६,००० होतो, आणि मुलाच्या शिक्षणाचा भाग त्यावर वेगळा मागायचा. तो म्हणेल की मोटारसायकलचा आणि सोसायटीचा हप्ता जाऊन १५,००० च उरतात. सक्तीच्या कपाती कोर्ट साधारणपणे वजा धरते. स्वतःच्या मर्जीने काढलेल्या कर्जाचे हप्ते पत्नीच्या पोटगीआधी येत नाहीत. काम सुटले असे तो म्हणाला तरी धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना पत्नी-मुलांना पोसले पाहिजे, अशी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका आहे.

पत्नी शिकलेली आहे, कमवू शकते, हा नेहमीचा बचाव. कमावण्याची क्षमता असणे आणि प्रत्यक्ष कमावणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. थोडे उत्पन्न असले तरी सासरच्या राहणीमानाशी तुलना करून उरलेली रक्कम मागता येते. बी.एड. झालेल्या मुलीने नोकरी नाही म्हणून लाजण्याचे किंवा मिळाली तर लपवण्याचे कारण नाही.

कशाने हक्क जाऊ शकतो

कलम १४४ मध्येच तीन अडथळे सांगितले आहेत: पत्नी व्यभिचारात राहत असणे, पुरेशा कारणाशिवाय नांदायला नकार देणे, आणि दोघांनी परस्पर संमतीने वेगळे राहणे. दुसऱ्याचा वापर सर्वांत जास्त होतो. नवरा कोर्टात ‘मी नांदवायला तयार आहे’ म्हणतो आणि तेवढ्यावर पोटगी थांबेल असे पत्नीला वाटते. नकारामागे सबळ कारण असेल तर पोटगी थांबत नाही. नांदायला जाण्याचा हुकूमनामा पतीच्या बाजूने झाला असला तरी केवळ त्यामुळे हक्क बुडत नाही, असे जानेवारी २०२५ च्या निकालात सांगितले आहे. पण कारण दाखवावे लागते. दवाखान्याचे कागद, पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच, बैठकीला हजर असलेल्यांची साक्ष यांचा उपयोग इथे होतो.

तिसऱ्या अडथळ्याबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तो आपण आपल्या हाताने उभा करतो. गावात बैठक बसते, शंभराचा स्टॅम्प आणला जातो आणि ‘सोडपत्र’ लिहिले जाते. त्यात एक ठराविक वाक्य असते: ‘आम्ही उभयता राजीखुशीने वेगळे राहत असून एकमेकांवर कसलाही हक्क राहिलेला नाही.’ अशा कागदाने हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न मोडत नाही. जातीतली तशी जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाली तरच ते मोडते. म्हणजे कागदाने घटस्फोट झालेला नसतो, पण ‘राजीखुशीने वेगळे राहतो’ हे वाक्य मात्र पोटगीच्या अर्जात तिच्या विरुद्ध वाचले जाते. दोन्हीकडून तोटाच. पोटगी सोडून दिल्याचे लिहिले म्हणून हक्क आपोआप संपतो असे नाही, तरी ते खोडून काढण्यात वेळ जातो. बैठक घ्यावी, बोलणी करावीत, पण स्टॅम्पवर सही करू नये. सही झालेली असेल तर ती कोणत्या परिस्थितीत झाली ते वकिलाला पहिल्याच दिवशी सांगावे.

परस्पर संमती आणि एकरकमी रक्कम

दोघांनाही वेगळे व्हायचे असेल तर हिंदू विवाह कायद्याचे कलम १३ब आहे. वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा कोर्टापुढे यावे लागते. समेटाची शक्यता उरली नसेल तर हा सहा महिन्यांचा काळ माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, असे २०१७ पासून मानले जाते.

इथे एकरकमी पोटगी ठरते, आणि घाई इथेच होते. रकमेचा काही भाग पहिल्या हजेरीला आणि उरलेला दुसऱ्या हजेरीला, डिमांड ड्राफ्टने, कोर्टासमोर, असे लेखी ठरवावे. ‘सर्व रक्कम भरून पावले’ हे वाक्य पैसे खात्यात जमा होण्यापूर्वी कोणत्याही कागदावर येऊ देऊ नये. घटस्फोटानंतर स्वखुशीने पोटगीचा हक्क सोडणे हे आधीचा हुकूम रद्द होण्याचे एक कारण कलम १४६ मध्ये आहे, म्हणून त्या कागदातला प्रत्येक शब्द वकिलाकडून समजून घ्यावा. मुलांचा निर्वाह आईच्या रकमेत मिसळू नये. त्यांचा हक्क स्वतंत्र आहे आणि आईने आपला हक्क सोडला तरी तो सुटत नाही. दागिने परत देण्याची तारीख त्याच कागदात घालावी.

एकरकमी ऐवजी दरमहा कायमची पोटगी घ्यायची असेल आणि नवऱ्याच्या नावावर जमीन किंवा घर असेल, तर कलम २५ प्रमाणे त्या मालमत्तेवर बोजा ठेवण्याची मागणी करावी. बोजाची नोंद उताऱ्यावर झाली की ती जमीन घेऊ पाहणाऱ्यालाही पोटगीचे देणे दिसते. पुन्हा लग्न केल्यास ही पोटगी बदलते किंवा रद्द होऊ शकते. परिस्थिती बदलली तर ती वाढवूनही मागता येते.

हुकूम झाल्यावर वसुली

हुकमाची प्रत विनामूल्य मिळते. ती पहिल्याच दिवशी मागून घ्यावी. नवरा पलीकडच्या राज्यात असला तरी कलम १४७ प्रमाणे तो जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत हुकूम बजावता येतो.

पैसे आले नाहीत तर थकीत रकमेसाठी वसुलीचा अर्ज करावा लागतो, आणि रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत तो करावा लागतो. पुष्कळ जणी दोन-दोन वर्षे थांबतात आणि पहिल्या वर्षाची वसुली अडकवून घेतात. दर सहा महिन्यांनी अर्ज करावा, असा माझा सल्ला असतो. कोर्ट वॉरंट काढून मालमत्तेची जप्ती करू शकते, आणि त्यानेही भागले नाही तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगवास देऊ शकते. तुरुंगात जाऊन आला म्हणून देणे फिटत नाही. ते तसेच उभे राहते. दिवाणी हुकूमनाम्याच्या दरखास्तीत, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात, नोकरदाराच्या पगारावर जप्ती आणता येते, आणि पोटगीसाठी पगाराचा दोन-तृतीयांश भागापर्यंत जप्त होऊ शकतो. इतर देण्यांसाठी एवढा भाग घेता येत नाही.

रक्कम शक्य तोवर बँक खात्यातच घ्यावी. कोर्टाच्या आवारात रोख दिली तर पावतीवर तारीख, महिना आणि आकडा अक्षरी लिहून घ्यावा. कोणत्या महिन्याचे किती आले हे एका वहीत मांडून ठेवावे, कारण वसुलीच्या अर्जासोबत तोच तक्ता जोडावा लागतो.